सोफ्याला पाजलेलं तेल

आमच्या बाई खुर्च्यांचा वास घ्यायच्या. खरंच सांगते, अगदी नाक टेकवायच्या. सकाळी मीटिंगच्या खोलीत एकेका काळ्या खुर्चीवर वाकायच्या, एक श्वास ओढायच्या आणि जिने ती पुसली असेल तिच्याकडे न बघताच म्हणायच्या, "फिनेल घातलंस. परत पूस." तुम्ही कुठल्या ऑफिसात कामाला असाल तर कडक सुपरवायझर तुम्ही पण बघितली असेल, पण अशी बघितली असेल असं मला नाही वाटत.

मी वाशीमकडची. शाळा सातवीपर्यंत. लग्न करून वाघोलीत आले तेव्हा नगर रोडला नुसत्या कंपन्या उगवत होत्या, आज खड्डा दिसला तर वर्षात काचेची बिल्डिंग. तसल्याच एकीत मी साफसफाईला लागले. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "अंगावर पिणारं मूल आहे का? असेल तर आत्ताच जा. तसल्या बाया दुपारपासून घड्याळ बघतात." मी नाही म्हणाले. माझी पोरगी पाच महिन्यांची होती, शेजारणीकडे ठेवून आले होते, नवऱ्याची फॅक्टरी बंद पडलेली, घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं, मग मी काय म्हणणार?

"समजलं का?"

"हाव."

"हाव काय हाव? पुण्यात आहेस. हो म्हण."

त्या दिवसापासून मला त्यांची भीती बसली ती बसलीच. त्या लिफ्टमधून आल्या की मी पुसलेलंच परत पुसायला लागायचे. बाकीच्या बायाही त्यांच्या मागे वाट्टेल ते बोलायच्या, आणि मी पण बोलायचे, सगळ्यात जास्त मीच बोलायचे.

त्यांना कोणाचंच काही वाटायचं नाही. एकदा एका कॉम्प्युटरवाल्या मुलाने हाक मारली, "ओ मावशी, इथे कॉफी सांडलीय." बाई गेल्या, पुसलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला बहीण आहे का?" तो म्हणाला, "आहे." "मग तिला मावशी म्हणा. आणि कप झाकून ठेवा." तो मुलगा नंतर त्यांना मॅडम म्हणायला लागला.

पण काम त्यांना यायचं, ते खोटं कशाला बोलू. त्यांच्या नवऱ्याचं रिक्षाच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं, तो गेल्यावर या इकडे आल्या. रेक्झिन हातात घेतलं की त्यांना कळायचं किती दिवस टिकेल. आम्हाला ओळीत उभं करून सांगायच्या, "कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून. लगेच कोरडं पुसायचं. शिवणीत पाणी राहिलं तर आतून कुजतं. स्पिरिट लावाल तर रंग जाईल, तेल लावाल तर चिकटेल. रेक्झिन आहे ते, ते काही पीत नाही."

हे मला पाठ होतं, पण ते रेक्झिनचं. म्हणून तर घोळ झाला.

कारण खालच्या लॉबीत एक तपकिरी सोफा आला होता. घेतला होता ॲडमिनच्या साहेबांनी, ते सगळ्यांना सांगत फिरायचे, अस्सल चामडं आहे, वरच्या मोठ्या मॅडमना पण त्यांनी हाताने दाबून दाखवलं होतं. बाईंनी आला त्या दिवशी त्याचा वास घेतला, नुसतं "हं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं त्यांनाही आवडला.

एका दुपारी मी तो सोफा पुसत होते. सकाळी पोरगी नीट प्यायली नव्हती, छाती दगडासारखी झालेली, आत घडी केलेलं फडकं ठेवलं होतं ते पण भिजलं, आणि वाकले तसं दूध टपटप सोफ्यावरच पडलं. शिवणीत गेलं. मी घाबरून पुसलं, परत पुसलं, दुसऱ्या दिवशी आले तर आंबूस वास आणि पांढरट डाग. आता बाई येणार, वास घेणार, हे डोळ्यासमोर आलं आणि माझी मती गेली. आमच्याकडे बाबा चामड्याच्या वहाणेला तेल पाजायचे. वहाण सगळं पिऊन घ्यायची, मऊ व्हायची, वास जायचा. हे पण चामडंच की! मी घरून खोबरेलाची बाटली नेली आणि एकाच जागी लावलं तर दिसेल म्हणून अख्ख्या सोफ्याला पाजलं. तीन दिवस पाजलं, बाई नेमक्या त्या दिवसांत लॉबीत फिरकल्या नाहीत.

चौथ्या दिवशी कोणी पाहुणे आले, फिक्या रंगाची पँट घालून बसले, आणि उठले तेव्हा पँटला मागून तपकिरी चिकट पट्टा. ॲडमिनच्या साहेबांनी सगळ्या बायांना लॉबीत बोलावलं. मोठ्या मॅडम पण येऊन उभ्या. "कोणी केलं हे? आजच्या आज घरी पाठवतो. अडाणी बायका भरल्यात सगळ्या!"

बाई आल्या. वाकल्या. वास घेतला. मग पहिल्यांदाच वास घेतल्यावर त्यांनी सरळ वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या छातीकडे. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "खाली दूध, वर खोबरेल. कितीचं आहे?"

"सात महिन्यांची," मी म्हणाले.

"खोटारडी," म्हणाल्या.

मी मनात म्हणलं, संपलं. पोरीला घेऊन गावाला जायचं आता.

पण बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, चामडं असतं तर हे तेल पिऊन गेलं असतं. वर राहिलं म्हणून पँटला लागलं." आणि सोफ्याच्या खाली हात घालून त्यांनी कडेची एक पिन उपटली, कोपरा उलटा करून दाखवला. खाली कापडाची जाळी. "हे रेक्झिन आहे. चांगलं आहे, मजबूत आहे, रेक्झिनला नावं ठेवायची नाहीत. पण चामडं म्हणून कोणी सांगितलं ते तुम्हालाच माहीत. या बाईने चामड्याला करतात ते केलं."

मोठ्या मॅडम त्या जाळीकडे बघत राहिल्या आणि मग साहेबांकडे. साहेबांचं तोंड असं झालं की मला खाली बघावं लागलं. मला कोणी काही बोललं नाही त्या दिवशी.

तुम्हाला वाटेल बाई नंतर प्रेमाने वागल्या. छे. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी जिन्यात थांबवलं. "खालच्या स्टोअरला आतून कडी आहे. साडेअकरा आणि अडीच. दहा मिनिटं. काय ते पिळून टाक. अंगावरून सांडत फिरतेस, किळस येते." किल्ली माझ्या अंगावर फेकली. झेलता आली नाही, जिन्यावरून खणखणत खाली गेली आणि मी तिच्यामागे पळाले.

महिनाही झाला नसेल, ॲडमिनच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बस म्हणाले. मी बसले नाही. ते म्हणाले, "तेल तुला तुमच्या बाईंनीच लावायला सांगितलं होतं ना? घाबरू नकोस, तुझं काही जाणार नाही. पण तू स्वतःच लावलं असशील तर मग मला तुला ठेवता येणार नाही." टेबलावर कागद तयार होता, इंग्रजीत टाइप केलेला. पोरीला त्या आठवड्यात ताप होता. मी कागदाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं.

"सांगितलं होतं ना?"

"हो," म्हणाले मी. आणि सही केली. नाव अर्ध्यातच खाली घसरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना कामावरून काढलं. दुपारी त्या त्यांची पिशवी घ्यायला आल्या. आम्ही सगळ्या स्टोअरमध्ये होतो. त्यांनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि माझ्यासमोर थांबल्या. मला वाटलं कानाखाली मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"सही नीट करायला शिक," म्हणाल्या. "साहेबांना तुझं नाव वाचता येत नव्हतं. मी वाचून दिलं."

आणि गेल्या.

पुढे कोणीतरी सांगितलं की त्या धायरीत दिराच्या दुकानात परत सीटा शिवतात. पोरगी चालायला लागल्यावर एका रविवारी मी तिला घेऊन गेले, दोन बस बदलून. काय बोलणार होते माहीत नाही. माफी मागणार होते, की पोरगी दाखवणार होते, सगळं रस्ताभर बदलत होतं. दुकान सापडलं. बाहेर रिक्षा उभी, आतून मशीनचा आवाज, आणि त्यांचा आवाज, एका रिक्षावाल्याला धारेवर धरलेलं, "ब्लेडने फाडलंय हे! आपोआप कसं फाटेल? आणि मला सांगतोस दोरा कच्चा?" तो काहीतरी पुटपुटला. "मोठ्याने बोल!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. पोरगी खांद्यावर झोपली होती. तिची झोपमोड नको, असं मी मनाशी म्हणलं, आणि बसस्टॉपकडे परत फिरले.