बिनमोटारीच्या वाटांची वही

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सरळ रस्त्याने कुठेही न जाणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. गैरसमज नको. माणूस देवासारखा, कोर्टात कारकून असूनही पक्षकाराचा चहासुद्धा न घेणारा. पण निफाडला जायचं म्हटलं की जग आगगाडीने जातं, नाहीतर मोटारीने जातं, आणि आमचे साडू सायकल खांद्यावर घेऊन कुठल्यातरी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे असतात. मोटार या वस्तूचा त्यांना मनापासून तिटकारा. लांबवर भोंगा ऐकू आला की ते सायकलवरून उतरत, सडकेकडे पाठ करत, उपरण्याने नाक झाकत आणि धुरळा खाली बसेपर्यंत तसेच उभे राहत. मग खिशातलं घड्याळ काढून बघत आणि ‘गेली दोन मिनिटं फुकट’ असं म्हणत. बाकी दिवसभर हा गृहस्थ कचेरीत टेबलावरच्या माश्या वारत बसायचा, ती मिनिटं कुणाच्या खात्यात जायची ते त्यांनाच ठाऊक.

या तिटकाऱ्यातून त्यांची वही जन्माला आली. कोर्टाच्या रद्दीतल्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली जाडजूड वही, आणि वर सुबक अक्षरात लिहिलेलं: बिनमोटारीच्या वाटा. नाशकाच्या आसपास जेवढ्या म्हणून पाणंदी, बांध, गाडीवाटा आणि पाटाच्या कडेचे मुरमाचे रस्ते होते, ते सगळे साडूंनी आठ वर्षांत पालथे घातले. कचेरीमुळे सवड रविवारचीच, म्हणून दर रविवारी पहाटे हा उद्योग चाले, आणि माझ्याकडे सायकल असण्याचं पाप मी केलेलं असल्यामुळे मलाही बरोबर जावं लागे. मला खरं म्हणजे रविवारी उशिरा उठून बटाटेवडे खायला आवडतं. पण साडूंना नाही म्हणायची सोय नव्हती. परत आल्यावर ते ओट्यावर बसून नोंद करत: ‘मखमलाबादच्या मागची पाणंद. मुरूम उत्तम. मोटारी शून्य. कुत्री तीन, पैकी एक प्रामाणिक.’ बाभळीचा काटा चाकात शिरला की तो उपटून कागदाच्या पुडीत बांधून ठेवत आणि पुडीवर गावाचं नाव घालत. कुठल्या गावचा काटा किती खोल जातो, यावर ते मला अर्धा अर्धा तास ऐकवायचे, आणि मी तिकडे वड्यांचा विचार करत मान डोलवायचो.

वहीत एकच खोट होती. खुणा म्हणून साडू जे समोर दिसेल ते लिहीत. ‘पांढरा बैल बांधला आहे तिथे डावीकडे वळणे. पुढे म्हातारबुवा विडी ओढत बसलेले आहेत, त्यांना उजव्या हाताला ठेवणे.’ मी एकदा म्हटलं, अहो, बैल उद्या विकतील, म्हाताराही कधीतरी उठेलच की. त्यावर ते रागावले आणि मला शिवाराची जाण नाही असं म्हणाले. पुढे आळीतल्या एका लग्नाचं वऱ्हाड त्यांनी याच वहीवरून आडवाटेने धाडलं. बैल मधल्या काळात विकला गेलेला होता. वऱ्हाडी संध्याकाळी भलत्याच गावच्या मारुतीच्या पारावर भेळ खाताना सापडले, आणि नवरीकडच्या मंडळींनी वर्षभर साडूंचं नाव काढलं की पाणी घेऊन चूळ भरली.

एवढं सगळं मोटारीच्या रागापायी, असंच मी समजून चाललो होतो. मग एके दिवशी सायकलवाल्या कासमभाईंनी मला हाक मारून थांबवलं. म्हणाले, ‘तुमच्या साडूंनी सीट वीतभर खाली घ्यायला लावली, साखळीवर पत्र्याचं झाकण बसवून घेतलं. एवढ्या उंच माणसाला ही सीट कशाला? मी विचारलं नाय. तुम्ही पण विचारू नका.’ मी अर्थातच तिथून तडक साडूंच्या घरी गेलो आणि विचारलं.

उत्तर साडूंनी नाही, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, अक्काने दिलं. परसात तिने स्वतःच मला करून दाखवलं. कासोटा घट्ट खोचून अक्का सायकलवर बसली आणि परसातल्या पेरूच्या झाडाभोवती फिरायला लागली. वर्षभर ती रोज दुपारी हेच करत होती. परस लहान, म्हणून तिला फक्त डावीकडे वळता येत होतं. उतरायला येतच नव्हतं. थांबायचं झालं की ती डाव्या हाताने पेरूची फांदी पकडायची आणि सायकल आपोआप थांबायची. तशीच फांदी धरून ती मला म्हणाली, ‘एकदा सरळ जायचंय हो मला. किती दिवस पेरूभोवती फिरू?’

तेव्हा मला वहीचा उलगडा झाला. मोटारी नकोत, कारण मोटारीत गावची माणसं असतात. कारकुनाची बायको सायकलवर बसली ही बातमी आळीत शिरली असती तर अक्काला नळावर पाणी भरणं कठीण झालं असतं, असे ते दिवस होते. साडू खाली मान घालून म्हणाले, ‘मला हसले तर हसू देत, मला सवय आहे. तिला कुणी हसलेलं मला सोसायचं नाही.’ लग्नाला अठरा वर्षं झालेला, पोरंबाळं नसलेला हा माणूस आठ वर्षं बायकोसाठी एक रिकामा रस्ता हुडकत होता. आणि मी त्याची टिंगल करत होतो. मला माझीच लाज वाटली, हे इथे कबूल करतो.

वहीतली सर्वांत निर्मनुष्य वाट त्यांनी निवडली. गंगापूरच्या पलीकडची, दोन मैलांची, एक वळण सोडलं तर सरळ, मुरमाची पाणंद. नोंद होती: ‘मोटारी शून्य. माणसे शून्य. सात वेळा तपासले.’ ईदची सुट्टी आली, तेव्हा दम न धरवून आम्ही निघालो. गावाबाहेरपर्यंत अक्का टांग्यातून आली. पाणंदीच्या तोंडाशी आम्ही दोघांनी सायकल धरली, ती बसली, आणि आम्ही सोडली. अक्का सरळ निघाली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ. साडू मागून पळत होते आणि मी माझ्या सायकलवर. पदर डोक्यावरून खाली आला तरी तिने तो सावरला नाही. तेवढ्यात वळण आलं, ते नशिबाने डावीकडचं होतं, आणि वळणापलीकडे गाड्याच गाड्या दिसल्या.

तो गुरुवार होता, आणि पाणंदीच्या टोकाच्या गावाचा बाजार गुरुवारी भरे. साडूंनी सातही वेळा वाट तपासली होती ती रविवारी. आणि मोटारी तिथे जात नाहीत म्हणूनच तर पंचक्रोशीतल्या बैलगाड्या त्या पाणंदीने जात होत्या. बांधाला बांध लागलेला, बाजूने जायला वाव नाही. अक्काला उतरता येत नव्हतं आणि पेरूचं झाड कुठे नव्हतं. तिने जे येत होतं ते केलं. पुढच्या कडब्याच्या गाडीचा मागचा खुंटा डाव्या हाताने पकडला. पण झाड जागचं हलत नाही, गाडी हलते. बैलांच्या चालीने अक्का सायकलवर ताठ बसलेली बाजाराकडे ओढली जाऊ लागली.

गाडीच्या मागच्या बाजूला एक म्हातारी पाय सोडून बसली होती. तिने अक्काकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘कुठं निघालीस गं बाय?’

अक्का म्हणाली, ‘सरळ.’

‘मंग धर घट,’ म्हातारी म्हणाली. ‘बाजार लय लांब नाय.’

आणि अशी ती भर बाजारातून गेली, मिरच्यांच्या ढिगांमधून, मडक्यांच्या रांगेजवळून, साडूंच्याच कोर्टातल्या वरिष्ठ नाझरसाहेबांच्या पुढ्यातून. साडूंचं तोंड पांढरंफटक पडलं. पण नाझरसाहेबांच्या उपरण्याखाली एक कोंबडी फडफडत होती, त्यामुळे त्यांनी घाईघाईने आभाळाकडे बघितलं. बाकी कुणी हसलं नाही. बाजारात माणसं मिरच्या घ्यायला आलेली असतात. गाडी थांबली, म्हाताऱ्या बाईने सायकल धरली आणि अक्काला शिस्तीत खाली उतरवून घेतलं.

साडू धापा टाकत आले आणि हात जोडून तिची माफी मागू लागले. वाट चुकीची निवडली, वार पाहिला नाही, सगळं नासलं, असं बरंच काही म्हणाले. अक्का घामाने निथळत होती. ती म्हणाली, ‘अहो, एवढ्या लोकांनी पाहिलं. काय झालं? आता परत जाताना मी सडकेने येणार.’

आठ वर्षांच्या मेहनतीवर एका वाक्यात पाणी पडलं. साडूंनी वही एकदा हातात घेतली, पुन्हा पिशवीत ठेवली आणि ते माझ्या कॅरियरवर बसले. माणूस दिसायला किडकिडीत, पण ओढायला दगडासारखा. सडकेवर मोटारी आल्या. पहिलीने भोंगा वाजवला, अक्काने घंटा वाजवून तिला उत्तर दिलं. सवयीने साडू नाक झाकतील म्हणून मी मागे वळून पाहिलं. उपरणं त्यांच्या मांडीवर तसंच पडलं होतं. धुरळ्यातून पुढे जाणारी अक्का दिसेनाशी होऊ नये म्हणून ते डोळे बारीक करून बघत होते.

पुढे आळीत व्हायची ती चर्चा झाली. नळावर चार बायका बोलल्या, आणि त्यातलीच एक महिन्याभराने परसात शिकायला आली. मग साडूंची बदली धुळ्याकडे झाली. जाताना त्यांनी वही मला दिली. आता रविवारी मला कुणी उठवत नाही, वडे गरम मिळतात, आणि ते काही पूर्वीसारखे लागत नाहीत. वहीची शेवटची नोंद त्या गुरुवारची आहे: ‘सडक. मोटारी सात. धुरळा पुष्कळ. रस्ता उत्तम.’ त्यानंतरची पानं कोरी आहेत.

त्यांच्या जुन्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. परवा काही कामाने गेलो तर घरमालक पेरूचं झाड दाखवून म्हणाले, सगळं झाड खरखरीत आहे, ही एवढी एकच फांदी हातभर गुळगुळीत कशी झाली, कळत नाही. मी ती धरून पाहिली. सायकलवर बसलेल्या बाईचा हात जिथे पोचेल, बरोबर त्याच उंचीवर होती.