सरगुंड्यांचं इनक्युबेशन

माझ्या मोठ्या जाऊबाई सरगुंडे वळायला बसल्या की त्यांच्या हातांकडे फार वेळ बघू नये, गरगरायला होतं. कणकेची सुतासारखी वळी काडीभोवती अशी फिरते की काडी फिरतेय की बाई, तेच कळत नाही. मग काडी अलगद ओढून घ्यायची, की पोकळ, पिळाचा सरगुंडा हातात. तो उन्हात वाळवायचा, वाफवायचा आणि आमरसात बुडवून खायचा. आमच्या आसेगावात त्यांचे सरगुंडे खाऊन पाहुणे जागच्या जागी आडवे झालेले मी स्वतः पाहिलेत.

पण सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की जाऊबाई आणि दीर पुण्याकडे बांधकामावर जायचे, ते होळीलाच परत. लग्नापासून त्यांचं हेच चाललेलं. तेवढे दिवस घरात मी, माझा नवरा आणि सासूबाई. नवरा भला माणूस आहे, पण त्याला विनोद सांगितला तर तो विचारतो, "मंग पुढं काय झालं?" सासूबाईंना ऐकू कमी येतं. म्हणजे अख्खी थंडी मी न हसता काढायची! त्यामुळे केंद्र सरकारने घरगुती खाद्य उद्योगांसाठी योजना आणली आहे हे मोबाईलवर वाचलं, तेव्हा देशाच्या प्रगतीचा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही. सरगुंडे बारा महिने विकले गेले तर जाऊबाई बारा महिने घरी राहतील, एवढंच सुचलं. धोरण दिल्लीचं असेल, स्वार्थ सगळा माझा होता.

अडचण उन्हाची होती. सरगुंडे वाळवायला चैत्र-वैशाखाचं ऊन लागतं, थंडीत ते मऊच राहतात. पण योजनेतून कारंज्याला एक केंद्र उघडलं होतं आणि तिथे वाळवायचं यंत्र नव्या उद्योगांना वापरायला मिळणार होतं. मी घरात जाहीर केलं, "आपण स्टार्टअप काढू."

दीर जेवता जेवता म्हणाले, "स्टार्टर कायले पाह्यजे? मोटरीचा तर आत्ताच बदलला."

जाऊबाईंना आणि मला ठसका लागला.

निवडीच्या दिवशी आम्ही दोघी सरगुंड्यांचा डबा घेऊन एसटीने कारंज्याला गेलो. केंद्रातल्या मॅडम शहरातल्या, तरुण, बोलायला गोड. भरल्या सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी मूल्यवर्धन, क्लस्टर, नवोन्मेष असं बरंच सांगितलं. जाऊबाईंनी मला कोपर मारलं. "हे नवोन्मेष कोन व? केव्हाची त्याचंच नाव घेऊन राह्यली."

मी पदर तोंडात कोंबला.

मग मॅडमनी आमचा सरगुंडा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ताई, फारच छान! निवड झाली तर तुमच्या उद्योगाला आपण इनक्युबेशनमध्ये ठेवू."

जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांची लेक अपुऱ्या दिवसांची जन्मली होती आणि अकोल्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत वाढली होती. आता ती सासरच्या दारातून वाकून जाते, पण त्या पेटीचं इंग्रजी नाव जाऊबाईंच्या काळजावर कोरलेलं.

"काहून?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "वजन कमी भरलं का?"

मॅडमना वाटलं, पाकिटाचं विचारतायत. "वजन ठीक आहे हो. पण अजून लहान आहे, नाजूक आहे. आमच्या देखरेखीखाली राहिलं की उभं राहील आपल्या पायावर."

"आमाले भेटू देसान का?"

"रोज या की!"

"हात लावू देसान, का काचेतूनच पाहाचं?"

"हात धुऊन, डोक्याला टोपी घालून खुशाल लावा."

जाऊबाईंनी डबा जवळ ओढला. "दगावते का एखादं?"

"काही बंद पडतात, खोटं कशाला सांगू? पण बरेचसे तरतात."

मी हसण्याने इतकी गदगदत होते की खुर्ची हलत होती. तेवढ्यात जाऊबाई उठल्या, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "नको मॅडम. आमी घरीच सांभाळू."

माझं हसणं जागच्या जागी थिजलं. ही बाई आता डबा घेऊन निघणार, आणि दिवाळीनंतर पुण्याला! मी त्यांचा हात धरला. "बाई, थे पेटी नाही. सरगुंडे वाळवाची जागा हाय!" आणि मॅडमना अकोल्याची हकिकत सांगितली. आधी जाऊबाईच फिसकन हसल्या, आणि मग मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसल्या. सगळं सभागृह हसलं. रिसोडहून आलेला सोयाचिवडेवाला तर डोळे पुसत होता.

पण निवड अजून व्हायचीच होती आणि जागा थोड्याच होत्या. मॅडमनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" चिवडेवाला म्हणाला, देशभर. एक हळदवाला थेट दुबईला पोचला. जाऊबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आसेगावात."

पुन्हा हशा. मॅडम म्हणाल्या, "नाही ताई, मी उद्योगाबद्दल विचारते."

"थेच सांगून राह्यली. दिवाळी झाली का आमी पुण्याले जातो, सिमेंट वाहाले. तुमी पाच वर्षांनी थंडीत आसेगावात या. मी घरी दिसली पाह्यजे."

कोणी हसलं नाही. मला तर बाई रडूच आलं. मॅडमनी यादीत आमच्यापुढे खूण केली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या दोघी."

दिवाळीनंतर मजुरांना पुण्याला नेणारी जीप दारात येऊन हॉर्न वाजवू लागली. दीर सरगुंड्यांची खोकी घेऊन मंगरुळपीरला गेले होते. जाऊबाई कणकेच्या हातांनीच बाहेर गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जा बाप्पा तुमी. मले टाइम नाही."

जीप वळून गेली. त्या आत आल्या आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो की सासूबाईंनाही ऐकू गेलं. मग पदराने तोंड पुसून जाऊबाईंनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "अवं, थंडीत आपल्या घरात ऊन कुठी येते?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी त्यांचा कणकेचा हात धरला आणि मागच्या ओसरीवर, उन्हात नेऊन बसवलं.