बेसमेंटची ओल आणि अप्पांची मेथी

तुमच्या घराला कधी ओल आलीय का हो? आली असेल तर एव्हाना तुमच्याकडेही किस्से साठले असतील. आम्ही अमेरिकेत नोव्हायला घरं घेतली तेव्हा बेसमेंट म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. एका गल्लीत राहून चुका करत करत शिकलो.

सुरुवात आमच्या ह्यांनी केली. बेसमेंटच्या भिंतीवर डाग दिसला आणि हे शिडी लावून थेट छपरावर! ठाण्यात ओल म्हणजे गच्ची, एवढंच ठाऊक. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी खालून विचारलं, काय शोधताय?

"पाणी कुठून येतंय ते बघतोय."

"मग खाली या," आजोबा म्हणाले. "इथे ते जमिनीतून येतं."

* * *

समोरचे वैशाली आणि समीर नागपूरचे. डिसेंबरात भारतात जाताना वैशालीनं घरातले सगळे प्लग काढले. आपली सवयच ती. त्यात बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंपही आला. मधे बर्फ वितळला. परत येऊन बघतात तर सोफा पाण्यात!

"शॉर्टसर्किट होऊन घर जळू नये म्हणून काढले हो," ती रडकुंडीला आली.

आमचे हे म्हणाले, "जळलं नाही ना? मग झालं तर!"

* * *

मग माझी पाळी. भिंतीला महागाचा वॉटरप्रूफ रंग दिला, तरी ओल जाईना. कुणीतरी सांगितलं, भिंतीवर फॉइल चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडची बाजू भिजली तर पाणी बाहेरून येतंय. खोलीकडची भिजली तर हवाच दमट आहे. आमची खोलीकडची भिजली. बाहेर वाळत घालायला बंदी, म्हणून मी रोजचं धुणं बेसमेंटमध्येच दोरीवर घालत होते.

लेक म्हणाली, "मॉम, यू आर द लीक!"

* * *

समीरची आई वारल्यावर त्यानं वडिलांना, अप्पांना, इकडे आणलं. रोज संध्याकाळी त्यांचं एकच, "माझं तिकीट लवकरचं करून दे बाप्पा." मग त्यांनी घराच्या भिंतीला लागून मातीचा उंच वाफा केला, मेथी पेरली, आणि तिकिटाचा विषय बंद झाला. समीरला वाटायचं, आता राहतील.

तेवढ्यात भिंत आतून ओली झाली. फॉइल लावलं, भिंतीकडची बाजू भिजली. तपासायला आलेला माणूस म्हणाला, वाफा काढा, मातीचा उतार घरापासून लांब जायला हवा.

अप्पांना सांगणार कोण? समीरनं हवेतला ओलावा ओढणारं मशीन आणलं. त्याची बादली रोज भरायची, आणि ती रिकामी करायचं काम अप्पांनी घेतलं. एक दिवस पाहिलं तर अप्पा ती बादली मेथीला घालत होते!

"काहून फेकायचं? चांगलं पाणी आहे."

मेथीचं पाणी भिंतीत, भिंतीचं बादलीत, बादलीचं परत मेथीला!

* * *

थंडी तोंडावर आली तशी वैशाली माझ्याकडे आली. "ताई, तुम्हीच सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात. पण मेथी काढली आणि बाबा परत गेले तर?"

मी गेले. अप्पा वाफ्यात बसले होते. आडवळणानं उताराचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. त्यांनी मातीवरून हात फिरवला.

"पोरांनी मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही जाल म्हणून."

अप्पांनी उठून हात धुतले आणि ते आत गेले.

जेवताना त्यांनी समीरला विचारलं, "माझं तिकीट कधीचं आहे रे?"

"पुढच्या महिन्याचं, बाबा."

"बरं."

वैशालीनं रात्रीच मला फोनवर हे सांगितलं, म्हणाली, "चाललेच बघा बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीजवळची मेथी उपटलेली होती, माती घरापासून उतरती केलेली होती, आणि लांब कुंपणाशी बसून अप्पा पुढच्या उन्हाळ्यात निघणारा लसूण लावत होते.