आबांनी दिलेला पत्ता

"भाऊ, पहिले पाय देखा, मंग तोंड."

नरडाण्याच्या आमच्या जिनिंग मिलच्या फाटकावर आबा पहारेकरी होते. मालक येवोत की कापसाची गाडी, त्यांची नजर आधी खाली जायची. मी तिथे कारकून म्हणून लागलो, त्या दिवशी माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, "नवा दिसतस. ठेच लागेल शे." लागली होती खरी, पण मला रागच आला.

आबा शिंदखेडा तालुक्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अर्धी नोकरी काश्मीरच्या सीमेवर गेली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम खोडी काढायचो, "आबा, ते अतिरेकी असतात तरी कसे?" मग आबांचा डबा तसाच राहायचा आणि ते सांगत बसायचे. संघटना सीमेपलीकडे उभी राहिलेली, बंदुका तिकडच्या, हुकूमही तिकडचा. बर्फ पडायच्या आत चार-पाच जणांची टोळी खिंडीतून खाली उतरायची. वाट दाखवायला आणि ओझी वाहायला मात्र इकडच्या गावातला माणूस लागायचा.

"कोनी एकदम बंदूक देत नही," आबा सांगत. "पहिले भाकर मांगतस. मंग रातभर जागा मांगतस. मंग घरना पोऱ्याच मांगतस."

एकदा गस्तीवर त्यांना ओल्या मातीत ठसे दिसले. वर जाताना खोल, उतरताना उथळ, आणि डावा पाय आत वळलेला. गठ्ठे वाहणारे हमाल आबांनी लहानपणापासून पाहिलेले. ते साहेबांना म्हणाले, हा लढणारा नाही, ओझं वर पोचवून रिकामा उतरलेला माणूस आहे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस मेंढपाळाच्या रिकाम्या झोपडीत घेरला गेला. बंदुका रोखलेल्या होत्या. आबांनी दहा मिनिटं मागून घेतली आणि दगडाआडून हिंदीत ओरडले, "हात वर करून बाहेर ये. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. मी शिंदखेड्याचा आहे. खोटं बोललो तर तिथे येऊन माझी मान धर!"

तो बाहेर आला. त्याने दाखवलेल्या वाटेवर टोळीतले चौघेही ओढ्यात पकडले गेले. आपल्या एकाही जवानाला खरचटलं नाही. आबांना शाबासकी मिळाली.

पण त्या माणसावर खटला भरला, आणि आबांची पलटण दुसरीकडे गेली. तुरुंगातून सुटून तो गावी गेला असेल, तर टोळीवाल्यांनी त्याला सोडलं असेल का? शब्द तर आबांनी दिला होता. "जित्ता ऱ्हायना का नही, काय ठाव," असं म्हणून ते डबा बंद करत. अर्धी भाकरी तशीच आत. मी मात्र त्यांच्या माघारी सगळ्यांना सांगायचो, आबा तिखटमीठ लावतात. त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात फाटकावर एक काश्मिरी शालवाला आला. मी आबांजवळच उभा होतो. आबांची नजर रोजच्यासारखी त्याच्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली.

"जरा चलके दिखा," आबांचा आवाज बदलला होता.

तो चार पावलं चालला. डावा पाय आत वळत होता. मग गाठोडं खाली ठेवून हसत म्हणाला, "गर्दन पकडने आया हूँ, हवालदारसाब."

शिक्षा भोगून तो सुटला, तोवर त्या टोळीचं नाव घेणारंही गावात कुणी उरलं नव्हतं. आता घर होतं, अक्रोडाची झाडं होती, लग्नाची मुलगी होती. शिंदखेडा हा एकच शब्द त्याने इतकी वर्षं जपला होता. तिथे विचारत विचारत तो नरडाण्याला आला होता.

"बठ्ठा या रे! जित्ता शे! मना माणूस जित्ता शे!" आबांनी अशी आरोळी ठोकली की सगळी मिल फाटकावर जमली. कापसाच्या गाड्या रांगेत खोळंबल्या, तरी एकही गाडीवान कुरकुरला नाही. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. मी सगळ्यांदेखत कान धरले, आणि आबांनी मला पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला.

फाटकावरची खुर्ची सध्या रिकामी आहे. आबा बायकोला, आमच्या अक्कांना, घेऊन काश्मीरला शालवाल्याच्या मुलीच्या लग्नाला गेलेत. रजेचा अर्ज माझ्याकडेच आला. कारण लिहिलंय, 'घरचं लग्न'.

काल त्यांनी फोनवर फोटो पाठवला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो, तर त्यात तोंडं नव्हतीच. ओल्या मातीत दोन माणसांच्या पायांचे ठसे होते, शेजारी शेजारी. एकाचा डावा पाय आत वळलेला.

दोघांचेही ठसे उथळ होते.