मुशंग काकांनी ओढा स्वच्छ केला

आमच्या डोंगरात अळंबी न पिकवणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर पुढारी. माझे शेजारी वेई मुशंग काका दोन्ही नव्हते. लाकडाच्या भुशाच्या पिशव्या भरायच्या, त्यांत अळंबीचं बी सोडायचं, बहर संपले की पिशव्या दारात रचायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. जीव मात्र अडकला होता ओढ्याकाठच्या अळूच्या वाफ्यात. शरदाच्या पौर्णिमेला पूर्वजांपुढे तिथलेच कंद ठेवायचे. विकतचे ठेवायचे म्हणजे काकांना मेल्याहून मेल्यासारखं.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला पंगशेठचा कापड रंगवायचा कारखाना आला. ओढा कधी निळा, कधी लाल. बदकं बिचारी रोज नव्या रंगात घरी यायची. अळूची पानं कडेनं करपली, कंद काळे पडून लिबलिबीत झाले. काकांनी जिल्ह्याच्या कचेरीत इतके फोन केले, की तिथली मुलगी त्यांना खोकल्यावरून ओळखू लागली. दोन वर्षांनी एकदाचं उत्तर मिळालं, पाहणीला कचेरीतल्या बाई येतायत.

लगेच गावप्रमुख यू दारोदार फिरले. "पाहुणे येतायत! गाव लख्ख दिसलं पाहिजे. काका, हा तुमचा उकिरडा आधी हलवा."

घाण बघायला बोलावलेल्या पाहुण्यांसाठी आम्ही सगळे घाण काढायला लागलो. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पाहुणा म्हटला की झाडू हातात येतोच. काकांनी पिशव्या फाडल्या आणि सगळा भुसा ओढ्याला मिळणाऱ्या कारखान्याच्या नाल्यात, कचरा अडवायच्या बांबूच्या जाळीमागे नेऊन कोंबला.

"अहो शहाणे, नाल्यात कशाला?" त्यांच्या पत्नी सुच्यन काकू ओरडल्या.

"तिथं कोण बघतंय? तसाही घाणच आहे तो."

नेमकी घाटात दरड कोसळली आणि बाईंचं येणं लांबलं. तेवढ्यात ओल्या भुशातली अळंबीची बुरशी पुन्हा जागी झाली. आपण गिळून पचवतो, ती आधी पचवते आणि मग गिळते. अंगातला पाचक रस बाहेर सोडून ती अख्खं लाकूड पोखरते, तिला पंगशेठचा निळा रंग काय जड? बाई आल्या त्या दिवशी नाल्यातून झऱ्यासारखं पाणी वाहत होतं.

"कुठाय रंग?" बाईंनी विचारलं.

हे सगळं आपल्या भुशानं केलंय हे काकांनी ओळखलं आणि आनंदाच्या भरात सांगूनही टाकलं. काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, आज तरी पाणी निळं राहू द्यायचं होतं!"

बाई खूश झाल्या, पंगशेठ त्याहून खूश. कारखान्याच्या दारावर 'निसर्गमित्र' अशी पाटी लागली, काम दुप्पट झालं. गावातली अळंबी संपली, की उरलेला भुसा थेट नाल्यात जायला लागला. बायका पुन्हा ओढ्यावर धुणं धुवायला लागल्या आणि काकांचं नाव घेऊ लागल्या.

अळू मात्र सडतच राहिला. कापडावर रंग बसायला पोत्यांनी मीठ लागतं. बुरशी रंग खाते, मिठाला तोंड लावत नाही. काकांनी पुन्हा फोन केला. "आजोबा, पाणी स्वच्छ आहे, मी फोटो पाहिलाय," ती मुलगी म्हणाली. पौर्णिमा तोंडावर आली होती. वाफ्यात हात घातला की नुसता चिखल हाती यायचा. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी एका सकाळी ते दाताळं घेऊन नाल्यात उतरले. भुसा काढला की रंग दिसेल, रंग दिसला की कुणीतरी ऐकेल, इतका साधा हिशेब. धुणं धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला, "अहो, चांगलं पाणी का नासवताय?" गावप्रमुख यूंनी कचेरीत फोन लावला. आणि दुपारच्या आत बाई हजर!

काका गुडघाभर निळ्या पाण्यात उभे होते. "बाई, दोन वर्षं मी बोलावत होतो. तेव्हा कुठं होतात?"

बाईंनी त्यांचा फोटो काढला. "आजोबा, तेव्हा ओढा घाण कोण करतंय याचा पुरावा नव्हता," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "भरा तो भुसा परत. मी थांबते."