गप्प पहारेकरी

२१ नोव्हेंबर १९९६, गुरुवार, सकाळी साडेदहा. सांगली, आमचं ऑफिस. हजर: मालक, प्रोग्रामर, मी आणि शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. सुभेदारांना कोणी बोलावलं नव्हतं. कामाचं मात्र तेच एकटे बोलले.

आम्ही एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडणीची यादी काढणारा प्रोग्राम करत होतो. कोणाची लागण कधीची, तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला खोडवा की नवा ऊस, हे भरायचं आणि कोणाच्या शेतात तोडकऱ्यांची टोळी आधी जाणार ते छापून यायचं. माझ्याकडे तपासणी होती. साताऱ्याला शाळेच्या कचेरीत सतरा वर्षं काढून आलेली मी. वहीत बावीस तपासण्या नंबर घालून लिहिल्या होत्या. प्रोग्रामरने फाइलीत एक ओळ बदलली तरी बावीसच्या बावीस करायच्या. पाऊण तास जायचा. तो दिवसातून सहा वेळा ओळ बदलायचा.

"ताई, हे माणसानं करायचं काम नव्हे," तो एकदा म्हणाला. पुण्यात दोन वर्षं नोकरी केल्यामुळे माणसानं काय करायचं नाही, हे त्याला पाठ होतं. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. एखादी फाइल शेवटच्या तपासणीनंतर बदललेली दिसली की तो माझ्या बावीस तपासण्या आपणहून चालवायचा. काही चुकलं तर पडद्यावर लाल ओळ, नाही चुकलं तर काहीच नाही. आम्ही त्याला पहारेकरी म्हणायचो. पंधरा दिवस त्याने चोख काम केलं. मी वही कपाटात ठेवली आणि पेन्सिलींना टोकं काढण्याच्या जबाबदारीच्या कामाला लागले.

दिवाळीच्या तोंडावर पहिली यादी तयार झाली. मालकांना ती दसऱ्याच्या मुहूर्तावर काढायची होती. दसरा होऊन गेला होता, पण एवढ्याने अडतील तर ते मालक कसले. त्यांनी कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन दसऱ्यावर आणली, मॉनिटरला हार घातला, नारळ फोडला आणि यादी छापली. पेढे वाटले. तारीख पुन्हा पुढे आणायची कोणाला आठवण राहिली नाही. पेढा मीही खाल्ला होता.

पुढच्या आठवड्यात प्रोग्रामरने खोडव्याचा हिशेब बदलला. फाइलीवर तारीख पडली ऑक्टोबरची. पहारेकऱ्याच्या लेखी शेवटची तपासणी नोव्हेंबरातली. म्हणजे फाइल आधीचीच, मग ती कशाला तपासायची? तो गप्प राहिला. लाल ओळ नाही म्हणून आम्ही खूश राहिलो. फ्लॉपी एसटीने कारखान्यावर गेली आणि नवी यादी शिराळ्याकडच्या त्यांच्या गटऑफिसच्या भिंतीवर लागली. सुभेदारांचा खोडवा तीत सगळ्यांत तळाला होता. गुरुवारी सकाळी ते थेट आमच्या ऑफिसात आले.

"आवं बाई, डिसेंबरनंतर माज्या हिरीला पानी न्हाई. ऊस मार्चपातुर कशावर जगंल?"

"सुभेदार, यादी कॉम्प्युटरनं केलीय," मालक म्हणाले. "त्यात माणसाचा हात नाही."

"त्येच इचारतुया. हात न्हाई, तर बघतंय कोन?"

प्रोग्रामरने त्यांना पहारेकरी समजावून सांगितला. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"गप हाय म्हंजी ठीक हाय, व्हय? आमच्या पलटनीत पहाऱ्यावरच्या शिपायानं दर तासाला 'सब ठीक' म्हनून आवाज द्यायचा. आवाज न्हाई आला की गार्ड कमांडर पळत सुटायचा. गप शिपाई एक तर झोपलेला, न्हाईतर मेलेला."

"आमचा झोपत नाही, काका."

"मग दुसरं."

मी कपाटातून वही काढली आणि खोडव्याची तपासणी हाताने केली. तीन मिनिटांत चूक सापडली: खोडवा आधी यायच्या ऐवजी शेवटी जात होता. मग कॉम्प्युटरची तारीख बघितली. आमच्या ऑफिसात दिवाळी अजून यायची होती.

दुरुस्त यादी त्याच दिवशी पाठवली. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, की टोळ्या गावोगाव उतरल्यात, आता कोणाला हलवायचं नाही. शिवाय कॉम्प्युटरची यादी चुकली असं बाहेर गेलं तर कारखान्याची शोभा होईल. शोभा वाचली. सुभेदारांचा ऊस फेब्रुवारीअखेर तुटला, तुरा आलेला, निम्मा वाळलेला. गटऑफिसातल्या माणसांनी त्यांना सांगितलं, की तुम्हीच लागणीची तारीख चुकीची दिली असणार.

त्या गुरुवारी मी वहीत कामांची नवी यादी केली होती. एक, कॉम्प्युटरची तारीख बरोबर करणे: झालं. दोन, पहारेकऱ्याने दर तासाला 'बावीस ठीक' असं लिहिणे: प्रोग्रामरने तोंड वाकडं करून केलं. तीन, तपासण्या आठवड्यातून एकदा हाताने करणे: मी ऑफिस सोडेपर्यंत केलं. चार, सुभेदारांच्या गावी जाऊन, चूक आमची होती, हे चार माणसांसमोर सांगणे.

चौथ्यापुढे अजून खूण नाही.