चप्पल चावू नये म्हणून एक बंद पाकीट

परवा आमचं पाकीट कोर्टातून परत मिळालं... सील न तुटता! तेव्हापासून घरात नुसता सण चाललाय.

नवी कोल्हापुरी चप्पल चावते, हे काय सांगायला नको. माझी बायको प्रज्ञा केमिस्ट्रीत बी.एस्सी. कळंब्यातल्या आमच्या घरी तिनं एक तेल तयार केलं. चपलेला लावून ठेवलं की कातडं एकदम मऊ... सगळे प्रयोग माझ्या टाचांवर झालेत!

तेल चांगलं चाललं. मग आमच्याच जुन्या डिस्ट्रिब्युटरनं 'तोच फॉर्म्युला' असं छापून स्वतःची बाटली काढली. गिऱ्हाईक तुटायला लागलं. फॉर्म्युला चोरला असं धरून आम्ही केस केली.

पहिल्याच तारखेला त्याचे वकील म्हणाले, "सिक्रेट आहे म्हणता ना? मग काय ते दाव्यात लिहा." प्रज्ञाचा चेहराच उतरला. दाव्यात लिहिलं की समोरच्याला वाचायला मिळणारच...

घरी आल्यावर म्हणाली, "केस काढून घेऊया. न्हाईतर होतं ते बी जाईल."

आमच्या वकील देसाई मॅडम मात्र शांत. त्यांनी अर्ज केला... फॉर्म्युला सीलबंद पाकिटात देतो, तो फक्त कोर्टानं आणि कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञानंच बघावा. समोरून जोरदार विरोध झाला, पण अर्ज मंजूर!

पाकिटात घालायचा कागद लिहिताना प्रज्ञानं मलाच खोलीबाहेर काढलं. "तुम्ही च्या ठेवा जावा," म्हणाली. आत काय लिहिलं, मला आजही माहीत नाही.

खरी गंमत पुढच्या तारखेला. त्यांचे वकील म्हणाले, हा फॉर्म्युला आमच्या पक्षकारानं स्वतः शोधलाय. जजसाहेब म्हणाले, "छान. मग तुम्हीही तुमचा सीलबंद पाकिटात द्या. तज्ज्ञ दोन्ही पडताळून बघतील."

वकिलांनी पक्षकाराकडं बघितलं... पक्षकार पंख्याकडं बघायला लागला.

त्याच्याकडं फॉर्म्युला नव्हताच! साध्या तेलात रंग घालून विकत होता, हे मग त्याला कबूल करावंच लागलं. आमचा फॉर्म्युला दाव्यात वाचायला मिळेल, या आशेवर बसलेला.

शेवटी तडजोड झाली. बाटली बंद, कोर्टासमोर लेखी माफी. आणि पाकीट जसंच्या तसं आमच्या हातात.

कोर्टाच्या व्हरांड्यात प्रज्ञा म्हणाली, "आता सांगू का तुम्हाला?"

"नको गं बाई! माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई, तुला म्हाईत हाय की!"

ती इतक्या मोठ्यानं हसली, की तारखेला आलेले अनोळखी पावणेही वळून बघायला लागले. कित्येक महिन्यांनी ते हसू ऐकलं...

घर, जमीन नावावर करता येते. पण बाईनं स्वतःच्या डोक्यानं शोधलेली गोष्टही तिच्या मालकीची असते, आणि ती जपायला कायदा तिच्या बाजूनं उभा राहतो, हे मला त्या दिवशी दिसलं. देसाई मॅडम, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडेच.